गाठीमागे दोन आणे

कपाशीची जी कळी उद्या सकाळी उमलायची असते, ती आज दुपारी उन्हे कलल्यावरच ओळखू येते. तिच्या फिक्या पाकळ्यांची घट्ट गुंडाळी पात्याबाहेर आलेली असते, आणि ज्या बाईचा हात या कामावर बसला आहे ती शेजारणीशी चाललेले बोलणे न तोडता ती कळी नेमकी हेरते, अंगठ्याचे नख तिच्या बुडाशी रुतवते आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची सगळी नळी अशी उतरवून घेते की मधली स्त्रीकेसराची नाजूक काडी अभंग उभी राहावी. त्या काडीवर कागदाची टोपी चढते. दुसऱ्या दिवशी, दव सुकून पराग मोकळा झाला म्हणजे, नर वाणाचे फूल आणून ते त्या काडीवर अलगद फिरवायचे. एवढे सगळे यथासांग पार पडले, मध्ये पाऊस आला नाही आणि बोंड गळून पडले नाही, तर दीड-दोन महिन्यांनी हाती येतात पंचवीस-तीस सरक्या. संकरित कपाशीच्या पाकिटातील प्रत्येक दाणा असा कुणाच्या तरी नखाखालून गेलेला असतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो विकसनशील देशात संशोधनाला राजसत्तेने उत्तेजन कसे द्यावे, हा. या विषयाचा शोध घेणारा माणूस सामान्यतः मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित सभागृहांकडे वळतो. मी नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा रस्ता धरला, कारण मराठवाड्यात जन्मलेला आणि मराठवाड्याबाहेर शेकडो कोस पसरलेला एखादा शोध दाखवा, असे कुणी म्हटले तर माझ्या डोळ्यांपुढे प्रथम येते ते या केंद्राचे 'एनएचएच-४४', म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी 'नांदेड-चव्वेचाळीस'. राज्यधोरणाने शोधाला कोठवर सोबत केली आणि कोणत्या वळणावर त्याचा हात सोडला, हे या एका वाणाच्या चरित्रात जितके स्वच्छ वाचता येते तितके ते कोणत्याही धोरण-मसुद्यात वाचता येत नाही.

आधी एक आकडा सांगून टाकतो. भारत देश संशोधन व विकास यांवर आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या शेकडा ०.६४ एवढाच खर्च करतो. हा २०२०-२१ चा हिशेब आहे, आणि त्यापूर्वीची कित्येक वर्षे तो आकडा याच्याच आसपास रेंगाळत आलेला आहे. चीनचा तोच आकडा दोनाच्या पुढे गेला आहे, दक्षिण कोरियाचा पाचाच्या जवळ. या तुटीची चर्चा दरसाल अंदाजपत्रकाच्या सुमारास होते आणि मार्च संपला की मावळते. परंतु किती खर्चावे या प्रश्नाइतकाच, माझ्या मते त्याहून अधिक, महत्त्वाचा प्रश्न असा आहे की हा पैसा कोणाकडून यावा, कोणत्या हातांनी जावा, आणि किती वर्षे अखंड जावा.

गिरणीवाल्याचा पैसा

या प्रश्नाचे एक उत्तर या देशाला शंभर वर्षांपूर्वी सापडले होते. १९२१ साली भारतीय केंद्रीय कापूस समिती स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्याने तिला स्वतःचे उत्पन्न मिळाले. हिंदुस्थानातील गिरणीने वापरलेल्या किंवा बंदरातून परदेशी गेलेल्या कापसावर, चारशे पौंडांच्या गाठीमागे पहिली काही वर्षे चार आणे आणि पुढे दोन आणे, असा कर बसला. हा कर सरकारी खजिन्यात जाऊन मुलकी खर्चात विरघळत नसे. तो कापसाच्या संशोधनासाठीच राखलेला होता. मुंबईत माटुंग्याला सुताचा कस पाहणारी प्रयोगशाळा १९२४ साली उभी राहिली ती या पैशावर, आणि त्याच वर्षी इंदूरला जी वनस्पती-संशोधन संस्था सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्या हाताखाली सुरू झाली तिलाही याच दोन आण्यांचा आधार होता.

नांदेड तेव्हा निजामाच्या मुलखात. येथला गावरानी कापूस धाग्याने लांब आणि देशी वाणांत मानाचा; गिरणीत त्याला भाव चांगला मिळे, म्हणून त्यात बाहेरचा हलका, आखूड धाग्याचा कापूस मिसळून फसवणूक करण्याचा मोहही व्यापाऱ्यांना मोठा. तो आवरण्यासाठी निजाम सरकारने कायदा करून लागवडीवर आणि वाहतुकीवर निर्बंध घातले, आणि दुसरीकडे त्याच गावरानीतून निवड करून 'गावरानी-६'सारखे सुधारलेले वाण तयार करण्याचे काम परभणी-नांदेडच्या प्रयोगक्षेत्रांवर चालवले. शहरात उस्मानशाही मिल, भोवती काळी जमीन, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि त्यांच्या मधोमध संशोधनाची वावरे: संशोधन, पीक, उद्योग आणि कायदा ही चारही अंगे एकाच तालुकदाराच्या घोड्याच्या दौडीत भेटू शकतील इतकी जवळ होती. निजामी राजवटीचे गोडवे गाण्याचे मला काहीच कारण नाही. ज्या राजवटीने मराठवाड्यात शाळा काढताना हात आखडता घेतला तिचे मोजमाप १७ सप्टेंबर १९४८ रोजी झालेलेच आहे. परंतु कापसाच्या बाबतीत एवढे तिच्या दफ्तरात जमेच्या बाजूला मांडावे लागते.

१९६६ साली कापूस समिती बरखास्त झाली आणि तिचे काम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेले. प्रशासनाच्या दृष्टीने हा बदल सुटसुटीत होता. त्या बदलात गाठ आणि प्रयोगशाळा यांच्यामधला तो थेट व्यवहार मात्र संपला, आणि संशोधन केंद्रे कायमची वार्षिक अंदाजपत्रकाच्या ओंजळीतून पाणी पिऊ लागली.

चव्वेचाळीस

परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली झाले. त्याला वसंतराव नाईकांचे नाव २०१३ पासून आहे. नांदेडचे केंद्र या विद्यापीठाच्या छत्राखाली आले तेव्हा कापसाच्या जगात एक उलथापालथ नुकतीच झालेली होती. सुरतेला सी. टी. पटेल यांनी १९७० साली 'संकर-४' हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस शेतकऱ्यांच्या हाती दिला होता. संकराचे पीक भरघोस; परंतु सुरतेचा वाण पाण्याच्या सोयीत वाढलेला, आणि मराठवाड्याची कपाशी आजन्म कोरडवाहू. तेव्हा नांदेडच्या पैदासकारांपुढचा प्रश्न उत्पादन वाढवण्याइतकाच झाड जगवण्याचाही होता.

त्यांनी मादी घेतली ती 'बीएन-१', म्हणजे बिकानेरी नरमा, आणि नर घेतला 'एसी-७३८'. या जोडीपासून ऐंशीच्या दशकात जो वाण आला तो पावसाने ओढ दिली तरी तग धरी, तुडतुड्यांना सहसा दाद देत नसे, आणि मधल्या खंडात पाते गळून गेले तरी पाऊस परतल्यावर नव्याने धरी. जुन्या पिढीतील कापूसवाल्या शेतकऱ्याला नांदेड भागात कुठेही थांबवून विचारा, चव्वेचाळीसचे नाव काढताच तो प्रथम उत्पादनाचे सांगत नाही, दुष्काळाच्या कोणत्या वर्षी त्याने कसा हात दिला ते सांगतो.

या यशात धोरणाचा वाटा कोणता, तर दोन साध्या गोष्टींचा. एक, अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प, ज्यात खर्चाचे पंचाहत्तर टक्के केंद्राची परिषद आणि पंचवीस टक्के राज्य सोसते, आणि ज्यामुळे नांदेडला जन्मलेल्या वाणाची परीक्षा इतर राज्यांतील मातीतही आपोआप होते. दुसरी, १९७६ साली अकोल्याला स्थापन झालेले महाबीज. वाण तयार होणे आणि बी शेतकऱ्याच्या हाती पडणे यांच्यामध्ये एक लांबलचक चढण असते. मूळ पैदासकार बियाण्याच्या पिशवीला पिवळा टॅग, त्यापासून केलेल्या पायाभूत बियाण्याला पांढरा, आणि त्यापासून केलेल्या प्रमाणित बियाण्याला निळा. पायरीपायरीला तपासणी, भेसळीचे झाड उपटणे, उगवणीचा दाखला. हे काम कुणाला पदके मिळवून देत नाही. परंतु ते करणारी, गावोगाव बीजोत्पादक शेतकरी बांधून ठेवणारी संस्था नसती तर चव्वेचाळीस हा नांदेडच्या अहवालातला एक क्रमांक होऊन राहिला असता. वाणावर कुणाची मक्तेदारी नव्हती. तेव्हा खाजगी कंपन्यांनीही त्याचे बी केले आणि विकले, आणि त्यात कुणाला गैर वाटले नाही.

जनुक ज्याचे त्याचे पाकीट

जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी काढली; तिचा पाया 'पुसा सावनी' या भेंडीच्या सरकारी वाणाच्या बियाण्यावर घातला गेला होता. पुढे त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली ती याच कंपनीच्या तीन संकरित वाणांना. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले होते. ते जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे, वाण महिकोचे. हिरवी बोंडअळी त्या झाडावर मरत असे, आणि फवारणीने पिचलेला शेतकरी या पाकिटामागे धावला तर त्यात त्याचे काय चुकले?

साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सोळाशे रुपये, आणि त्यातले साडेबाराशे जनुकाचे भाडे. २००६ साली आंध्र प्रदेशाने मक्तेदारी आयोगापुढे दावा लावल्यावर हा भाव साडेसातशेवर आला. पण भावापेक्षा खोलवरची गोष्ट अशी की जनुक परवान्याने मिळत होते आणि परवाना कंपन्यांना मिळत होता. नांदेडच्या चव्वेचाळीसमध्ये ते जनुक नव्हते. पाचसात वर्षांत दुकानातल्या फळीवर बीटीशिवाय काही उरले नाही, आणि या मातीसाठी घडवलेला वाण या मातीतल्याच बाजारातून दिसेनासा झाला. कंपन्यांनी जनुक संकरातच घातले, कारण संकराचे बी पुढच्या वर्षी पेरून चालत नाही. पाकीट दरसाल नवे घ्यावे लागते. जगात इतरत्र कापूस बहुतांशी सरळ वाणांचा असताना भारत संकराला जखडून राहिला, त्याचे हे एक मोठे कारण.

सरकारी शास्त्रज्ञ स्वस्थ बसले होते असे नाही. दिल्ली, धारवाड आणि नागपूरच्या सरकारी संस्थांनी मिळून स्वदेशी म्हणवणारा बीटी कापूस तयार केला. त्याचे जनुक बिकानेरी नरम्यात घातले. आणि नरमा ही चव्वेचाळीसची आई असल्यामुळे 'एनएचएच-४४ बीटी'ही त्यातून आपोआप जन्माला आला. २००८ मध्ये परवानगी मिळाली, २००९ च्या खरिपात बी विकले गेले, आणि थोड्याच काळात ते गाशा गुंडाळून परत घ्यावे लागले, कारण तपासणीत त्यात मोन्सॅन्टोच्याच जनुकाची खूण सापडली. पुढे चौकशीसाठी नेमलेल्या सोपोरी समितीने या प्रकरणातील ढिसाळपणावर बोट ठेवले. जनुक-अभियांत्रिकीची प्रयोगशाळा एकीकडे, वाणाचे वावर दुसरीकडे, बियाण्याचे कोठार तिसरीकडे, आणि या तिहींवर नजर ठेवून प्रत्येक पिढीचे बी तपासून घेण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणत्याच आदेशात स्पष्ट लिहिलेले नव्हते. संशोधनाला पैसा मिळाला होता, मंजुरी मिळाली होती, उत्साहही होता. नव्हती ती फक्त रुक्ष, रोजची राखण.

चव्वेचाळीस पुढे महाबीजच्या साहाय्याने दुसऱ्या पिढीच्या जनुकासह परत आला. दरम्यान २०१५ च्या अखेरीस केंद्राने कापूस बियाण्याच्या किमतीचा ताबा घेतला, जनुकाचे भाडे २०१६ साली पाकिटामागे एकोणपन्नास रुपयांवर आणले आणि २०२० पासून ते शून्य केले. पण तोवर शेंदरी बोंडअळी त्या जनुकाला सरावलेली होती. २०१७ चा तिचा उपद्रव विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही कापूसवाल्याला सांगावा लागत नाही. भाडे माफ झाले ते जनुकाची धार बोथट झाल्यावर.

या पार्श्वभूमीवर २०२३ साली नांदेड केंद्राने 'एनएच १९०१', 'एनएच १९०२' आणि 'एनएच १९०४' हे बीटीचे सरळ वाण दिले, ही मला गेल्या काही वर्षांतली सर्वांत अर्थपूर्ण घटना वाटते. त्यांत पहिल्या पिढीचे जनुक आहे, ज्यावर भारतात पेटंट नव्हते. शेंदरी अळी त्याने मरणार नाही, हे उघड सांगितले पाहिजे. परंतु सरळ वाणाचे बी शेतकरी स्वतः राखू शकतो. बी स्वस्त झाले की दाट पेरता येते. दाट पेरलेली, थोड्या मुदतीची कपाशी अळीचा जोर चढण्याआधी वेचून मोकळी करता येते, आणि फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तीच झाडे राखून दुसरे पीक, घेण्याचा मोह आवरला तर अळीची साखळीही तुटते. जनुकाने न सुटलेला प्रश्न वेळापत्रकाने थोडाफार सुटू शकतो, अशी ही मांडणी आहे.

लातूरची सूर्यफुले

लातूरला गेलो तो कापूस पाहायला नव्हे. तिथे राज्य सोयाबीन आणि तुरीचे. बाजार समितीच्या आडत बाजारात नमुन्याच्या पोटलीवर सौदा होतो, त्यातून निघालेला सोयाबीनचा भाव दिवसभर मराठवाड्याच्या मोबाइलांवर फिरतो, आणि हमालांच्या पाठीवरून जी पोती जातात त्यांतला दाणा कोणत्या विद्यापीठाने दिला याची विचारपूस तिथे कुणी करीत नाही. करायची तर उत्तर मजेदार निघते: जबलपूरचा 'जेएस-३३५', परभणीचा 'एमएयूएस-७१', सांगलीजवळच्या कसबे डिग्रजचा 'फुले संगम'. सगळे सरकारी. सोयाबीनचे फूल आपल्याच परागाने फळते, शेतकरी घरचे बी पुढच्या वर्षी पेरतो, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सत्तर उगवले तर निर्धास्त होतो; म्हणून या पिकात नफ्यासाठी येणाऱ्या संशोधकाला फारसा रस नाही, आणि राज्यसंस्थेने हात काढला तर येथे दुसरा हात पुढे येणार नाही. नफ्याचा वारा जिथे पोचत नाही तिथले संशोधन कोण करणार, या प्रश्नाचे उत्तर उत्तेजनाच्या योजनांत मला कुठेही मिळाले नाही.

पण लातूरचे गळीतधान्य संशोधन केंद्र त्याहून विचित्र गोष्ट सांगते. या केंद्राची ओळख सूर्यफुलासाठी. 'एलएसएफएच-३५', 'एलएसएफएच-१७१' हे येथले संकर. १९८६ साली तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडे सूर्यफुलाचे पिवळे पट्टे पसरले होते, आणि शास्त्रज्ञाने वाण काढायचा, सरकारने आयात रोखायची, शेतकऱ्याने पेरायचे, असा तिघांचा करार काही वर्षे पाळला गेला. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. १९९७ नंतर कर्नाटकातून आलेल्या नेक्रोसिस रोगाने पिकाचा कणा मोडला, भाव पडत गेले, आणि सोयाबीनने ती जागा घेतली. केंद्रात संकर आजही होतात, परीक्षणाचे वाफे आजही आखले जातात. बाहेरच्या शिवारात मात्र सूर्यफूल शोधावे लागते. वाणात खोट नव्हती. एका खात्याने संशोधनाला प्रोत्साहन द्यायचे आणि दुसऱ्या खात्याने सीमाशुल्काच्या एका परिपत्रकाने त्या संशोधनाची बाजारपेठ काढून घ्यायची, या दोन टेबलांमध्ये कुणी उभे राहिले नाही, एवढेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने तेलबियांसाठी पुन्हा १०,१०३ कोटींचे अभियान मंजूर केले. त्याच वर्षी लातूरच्या बाजारात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले जात होते.

मुंबईचा कागद, नांदेडची रिकामी खुर्ची

राज्य सरकारला नवकल्पनांचे वावडे आहे, असे म्हणता येणार नाही. २०१८ साली नवउद्यमांचे धोरण झाले, २०२२ साली स्टार्टअप यात्रेची गाडी तालुक्यातालुक्यांतून फिरली, २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरणाला पाचशे कोटींची तरतूद जाहीर झाली आणि स्टार्टअपांसाठी नवे धोरणही आले. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात, विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत, लातूरच्या महाविद्यालयांत कल्पक मुलांचा तोटा नाही, आणि त्यांना भांडवल मिळत असेल तर ते मिळावेच. परंतु या सर्व कागदांचा एक स्वभाव आहे. त्यांना उद्घाटन करता येण्यासारखी गोष्ट आवडते. एका वाणाला दहा-बारा वर्षे लागतात: संकर, निवड, केंद्रावरची चाचणी, बहुस्थानीय चाचणी, समन्वित प्रकल्पाची तीन वर्षे, चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीतली शिफारस, आणि शेवटी राजपत्रातली अधिसूचना. एवढ्या काळात तीन सरकारे आणि पाच सचिव बदलतात.

आणि पैदासकारही बदलतो किंवा निवृत्त होतो; मग त्याची खुर्ची रिकामी राहते. रिक्त पदे ही राज्यातील चारही कृषी विद्यापीठांची जुनी तक्रार आहे, आणि ती वाणावर कशी बेतते हे वावरातच कळते. ज्याने सातव्या पिढीतली झाडे डोळ्यांनी निवडली त्याच्या जागी दोन वर्षे कुणी आले नाही, तर आठवी पिढी पेरली जाते पण निवडली जात नाही. रोजंदारीचे अनुदान हंगाम उलटल्यावर आले, तर क्रॉसिंगच्या आठवड्यांत बाया शेजारच्या बीजोत्पादकाकडे गेलेल्या असतात, आणि त्यांनी तसे जावे यात गैर ते काय? कपाशीचे फूल मंजुरीची वाट पाहत नाही.

संस्थेबाहेरच्या शोधकाची तऱ्हा आणखी वेगळी. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ नांदेड याच नावाचे एक खेडे आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या दीड-दोन एकरांच्या शेतकऱ्याने 'एचएमटी' तांदूळ निवडला, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवही स्वीकारला, आणि २०१८ साली तो हलाखीतच वारला. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणीचा हक्क दिला आहे. पण हक्क नोंदवणे वेगळे आणि त्या हक्काचे पैसे वसूल करून देणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी तालुक्याच्या ठिकाणी आजही कोणतीही खिडकी नाही.

माझी सूचना जुनीच आहे आणि ती कोणत्याही नव्या कायद्याइतकी अवघड नाही. देशात अलीकडे वर्षाला सुमारे तीनशे लाख गाठी कापूस होतो. १७० किलोच्या गाठीमागे गिरणीकडून आणि निर्यातदाराकडून, शेतकऱ्याकडून नव्हे, दहा रुपये घेतले तर तीस कोटी होतात. ते अंदाजपत्रकात न मिसळता नांदेडसारख्या केंद्रांच्या पैदासकारांच्या जागा भरण्यासाठी, क्रॉसिंगच्या मजुरीसाठी आणि बियाण्याच्या प्रत्येक पिढीच्या तपासणीसाठी कायद्याने राखून ठेवावेत, आणि त्या पैशातून निघालेल्या वाणाचे मूळ बी कोणत्याही बीजोत्पादकाला सारख्याच अटींवर मिळावे. नांदेड-लातूरच्या आमदार-खासदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, येत्या अधिवेशनात एवढी एक मागणी आपापल्या सभागृहात मांडावी.